एक खोकला म्हणजे काम्फा

सेंगला लाल रंग दिसत नाही, ही गोष्ट मलेशियातल्या आमच्या अख्ख्या इपोह गावात दोघांनाच ठाऊक होती. एक सेंगला आणि एक मला. बाकी गावाचा समज असा, की लुओहान माशाची जात ओळखावी तर सेंग सिफूनंच. सिफू म्हणजे गुरुजी. हयातभर टायरच्या दुकानात पंक्चरं काढलेल्या माझ्या नवऱ्याला गुरुजी म्हणताना लोकांना काही वाटत नाही, आणि ते ऐकून घेताना त्यालाही काही वाटत नाही, मग मी कशाला मध्ये पडू?

लुओहान म्हणजे तो कपाळावर टेंगूळ आलेला मासा. देवानं केलेला नव्हे, माणसानं केलेला. ह्या जातीची मादी, त्या जातीचा नर, त्यांच्या पोरांना तिसऱ्याच घरचं स्थळ, असं करत करत आमच्या लोकांनी कथिलाच्या जुन्या खाणींच्या तळ्यांकाठी एवढा गोंधळ घालून ठेवलाय, की कोण कुणाचा हे त्या माशांच्या आयांनाही सांगता यायचं नाही. पण मालकाला मात्र ते सांगायचं असतं. आपला मासा काम्फा, म्हणजे त्यांतल्या उंची जातीचा, आहे म्हणून मिरवायचं असतं. शेजाऱ्याचा नुसता चेन-चू निघाला, आपला तरी काम्फा निघू दे, म्हणून देवळात उदबत्त्या लावणारी माणसं मी पाहिली आहेत. माशाच्या कुशीवर काळे ठिपके असतात, त्यांना आम्ही फुलं म्हणतो, आणि निम्मं गाव त्या फुलांत लॉटरीचा नंबर शोधत असतं. नंबर लागला नाही की माशाला शिव्या. मासा बिचारा काय करणार?

तर हे सगळे सकाळी बानच्या कॉफीच्या दुकानात येतात. तिथं पंख्याखाली गोल संगमरवरी टेबल आहे, ते सेंगचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात मासा, पिशवीच्या तोंडाला दोरी. बान कॉफीसुद्धा असल्याच पिशवीत बांधून देतो. एकदा एकानं घाईघाईत माशाऐवजी कॉफीची पिशवी पुढे केली. सेंगनं ती दोन मिनिटं उजेडात धरून निरखली आणि म्हणाला, "दूध जास्त झालंय." लोक अजून ती गोष्ट सांगून हसतात. मी मात्र त्या दिवशी घामाघूम झाले होते, कारण कॉफीसाठी किती वेळा खोकायचं हे आमचं ठरलेलं नव्हतं.

हो, खोकायचं. मी त्याच टेबलाच्या कडेला मुगाच्या मोडांची टोपली घेऊन बसते. बानकडे दुपारी कोंबडी-मोडांची ताटं असतात, त्यासाठी मोडांच्या शेपट्या खुडून देणं हे माझं काम. पिशवी टेबलावर आली की मी मान न उचलता बघून घेते. एक खोकला म्हणजे काम्फा. दोन म्हणजे चेन-चू. घसा खाकरला तर धड हे ना धड ते, नुसती भेसळ. ओळखायला काही मोठी विद्या लागत नाही. काम्फाचा डोळा पांढरा नाहीतर पिवळट आणि खोल बसलेला. चेन-चूचा लालभडक आणि बाहेर आलेला. शेपटीचा पंखा, ओठ, अंगावरचे मोत्यासारखे चमकते ठिपके हेही बघतात, पण त्यावर दहा सिफूंची बारा मतं. मी आपला डोळा बघते. डोळा खोटं बोलत नाही, असं माझं तेव्हा म्हणणं होतं.

आता हे खोकण्याचं सुरू कसं झालं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझी थोरली बहीण युक लिन आणि मी, आम्हा दोघींचा कोंबडी-मोडांचा ठेला होता. सव्वीस वर्षं चालवला. ती कोंबडी कापायची, मी मोड खुडायचे, आणि दिवसभर दोघी एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवायचो. एका सोमवारी सकाळी बोलता बोलता तिनं टोपलीवर डोकं टेकलं. मला वाटलं, दमली. मी आणखी दहा मिनिटं बोलत राहिले. काय बोलत होते, तर तिचा नवरा किती घोरतो ते.

ठेला मी त्याच दिवशी बंद केला. पण मोडवाला रोज पहाटे पाच किलो मोड दारात टाकून जायचा, आणि त्याला नको म्हणायला माझी जीभ वळेना. मग मी स्वयंपाकघरात बसून ते खुडायचे. सगळे. कुणासाठी, ते विचारू नका. संध्याकाळी टोपली भरायची आणि सकाळी रिकामी असायची. ती कशी रिकामी होते हे माझ्या मनातही आलं नाही. बाहेर मी जात नव्हते, बाजारात नाही, देवळात नाही. असे सात महिने गेले.

आणि ह्या सात महिन्यांत माझ्या नवऱ्यानं मला एका शब्दानं समजावलं नाही. बाकीच्या बायका सांगतात, आमच्या ह्यांनी जवळ घेतलं, आमचे हे असं म्हणाले. आमचे हे कामावरून यायचे आणि माशासमोर आरसा धरून बसायचे. आरशात दुसरा मासा दिसला की लुओहान चिडतो आणि त्याचं टेंगूळ वाढतं, म्हणून. माझ्या मनात यायचं, ह्याच्या टकलावर घालावा तो आरसा.

मग एके दिवशी जेवताना म्हणतो कसा, "मुई, मला लाल दिसत नाही."

"काय?"

"लाल रंग. पांढरा डोळा आणि लाल डोळा मला सारखेच दिसतात. लोक मासे घेऊन येतात. काय सांगू त्यांना?"

माझं डोकंच फिरलं. बहीण गेली माझी, आणि हा मेला माशांच्या डोळ्यांचं रडगाणं गातोय. पण मी काही भोळी नाही. मी उठले, एका वाटीत हिरव्या आणि लाल मिरच्या ठेवल्या. आमच्याकडची ती बारीक लाल मिरची म्हणजे जहर असते. म्हटलं, "ह्यातली हिरवी खा." त्यानं सरळ लाल उचलली, तोंडात टाकली आणि चावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, कान लाल, आणि वर म्हणतो, "हिरवीसुद्धा हल्ली फार तिखट येते." तेव्हा माझी खात्री पटली. आणि खरं सांगते, कीवही आली.

दुसऱ्या दिवशी मी सात महिन्यांनी चप्पल घातली आणि त्याच्याबरोबर बानच्या दुकानात गेले. रिकामं बसवेना म्हणून टोपली बरोबर नेली. बाननं टोपली पाहिली आणि म्हणाला, "आँटी, माझ्या दुकानासाठीही खुडून द्याल का?" तेव्हापासून रोज जाते.

सुरुवातीला मला तरी काय कळत होतं? एका पोटुशा मादीला बघून मी घसा खाकरला होता. पण गंमत अशी, की मी चुकले तरी सेंग बरोबर सांगायचा. मी एकदा खोकायचे आणि हा म्हणायचा चेन-चू. मी घरी येऊन त्याच्यावर डाफरायचे, "मी एकदा खोकले, तू दोन कुठून ऐकलेस?" तो म्हणायचा, "कानही गेले वाटतं." नंतर समजायचं, की मासा खरंच चेन-चू होता. म्हटलं, नशीब बघा, बहिरेपणसुद्धा फळतं एखाद्याला. तरी कानाकडे दुर्लक्ष नको, म्हणून दर रविवारी त्याला आडवा पाडून मी कानात कोमट तेल घालायला लागले. तो मुकाट्यानं घालून घ्यायचा. हळूहळू माझ्या चुका थांबल्या आणि त्याचे कानही सुधारले. मी समजले, तेलाचा गुण.

अशी दोन वर्षं गेली. आणि मग लाऊ उगवला.

लाऊ हा मासे वाढवणारा बडा माणूस. खाणीच्या तळ्यावर त्याच्या चाळीस टाक्या, दारात गाडी, गळ्यात जाड साखळी. त्यानं काम्फा म्हणून विकायला काढलेली एक अख्खी वीण कुणीतरी आमच्या टेबलावर आणली होती, आणि मी घसा खाकरला होता. सेंगनं सांगून टाकलं, भेसळ. गावभर झालं. चार दिवसांनी लाऊ भर गर्दीत येऊन टेबलाशी उभा राहिला.

"सिफू, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार की," सेंग म्हणाला.

"तुम्ही मासा बघून जात सांगता, की आँटीचा खोकला ऐकून?"

माझ्या हातातला मोड हातातच राहिला. दुकानात कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"म्हणजे खोकला बऱ्याच दिवसांचा दिसतोय," लाऊ म्हणाला. "काळजी वाटते हो. डॉक्टरला दाखवा आँटीला."

"तुला काय हवंय ते बोल," सेंग म्हणाला.

"रविवारी मासेवाल्यांच्या संघाच्या हॉलमध्ये माशांची स्पर्धा आहेच. मी एक मासा आणतो. त्याची जात लिहून, लाल पाकिटात घालून फू अंकलच्या हातात देतो. ते संघाचे अध्यक्ष, त्यांच्यावर तर सगळ्यांचा विश्वास आहे. तुम्ही एकट्यानं ओळखायचं. आँटी दोरीच्या बाहेर, लोकांत. चुकलात तर हे टेबल माझं. उद्यापासून लोक मला विचारतील."

"आणि बरोबर आलं तर?"

"तर माझी वीण भेसळ होती, हे मी माइकवर बोलेन."

सेंगनं कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "बरं."

नुसतं बरं. जणू कुणी पावाला लोणी लावू का म्हणून विचारलं होतं. घरी येईपर्यंत मी कसंबसं तोंड आवरलं. दार लागल्यावर मात्र सुटले. "उचलली जीभ लावली टाळ्याला. तुला धड लाल दिसेना, धड ऐकू येईना, आणि निघालाय पैजा मारायला. तो म्हणाला दोरीच्या बाहेर, ऐकलंस ना? की तेही नाही ऐकलंस?"

"तू समोर उभी राहा आणि नेहमीसारखी खोक."

"त्याला खोकल्याचं कळलंय, अरे बाबा."

"संशय आहे. कळलेलं नाही."

"आणि चुकलास तर? टेबल गेलं तर मी कुठे बसू?"

हे माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणायचं होतं, तू कुठे बसशील. पण खरं तेच बाहेर पडलं. मला ते स्वयंपाकघर दिसायला लागलं, ती पाच किलोंची टोपली, आणि भिंतीवरचं घड्याळ. टेबल गेलं की मी परत तिथंच जाणार होते, हे मला पक्कं माहीत होतं. सेंगनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "टेबल कुठे जात नाही." आणि माशाला आरसा दाखवायला निघून गेला.

त्यात तो धूर. त्या आठवड्यात समुद्रापलीकडे सुमात्रातली रानं पेटली होती आणि वारा आमच्याकडे. गावाभोवतीचे डोंगर दिसेनासे झाले, शाळा बंद, जो तो तोंडाला फडकं बांधून खोकतोय. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझा खोकला चुकून निघाला तर? किंवा एकदा खोकायचं आणि दुसरा आपोआप आला तर? तीन दिवस मी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, सातूचं पाणी प्यायले, मधाची अर्धी बाटली संपवली. घसा असा साफ झाला की गाणं म्हणता आलं असतं.

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. दोनशे माणसं होती आणि दोनशेही खोकत होती. कुणी सुका, कुणी ओला, कोपऱ्यात एक आजोबा तर थांबायलाच तयार नाहीत. ह्या बाजारात माझे दोन खोकले सेंगला कसे कळणार होते? वरून लाल कंदील, खांबांना लाल कापड, स्टेजला लाल पडदा. दोरीच्या आत सेंग उभा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशात पेन. लिहायचं काही नव्हतं, तरी पेन. मी धक्के मारत अगदी दोरीला जाऊन भिडले. एका बाईच्या पायावर पाय दिला, ती काही बोलली, मी तिच्याहून जास्त बोलले, आणि जागा मिळाली.

लाऊची टाकी टेबलावर होती, वर लाल कापड. फू अंकलनं पाकीट सगळ्यांना दाखवलं, माइकमध्ये तीनदा खोकले आणि म्हणाले, "सुरू करा."

लाऊनं कापड ओढलं. आत वीतभर मासा, टेंगूळ अस्सल, अंग लालबुंद. तो गर्रकन वळला आणि माझ्याकडे तोंड करून थांबला. डोळा मला लख्ख दिसला. लाल. कुंकवासारखा लाल. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, लाऊ, एवढा मोठा माणूस तू आणि एवढं सोपं कोडं घातलंस?

आता खोकायचं. मी थांबले. कोपऱ्यातले आजोबा थांबेनात. शेवटी कुणीतरी त्यांना पाणी दिलं, आणि पाणी पिताना ते गप्प झाले तेवढ्यात मी तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि खोकले. एक. दोन. स्वच्छ, सुटे, मोजून घ्यावेत असे. मग ओठ घट्ट मिटून घेतले.

सेंगनं मान वळवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ऐकलं होतं त्यानं, त्याच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच. मग तो परत माशाकडे वळला, वाकला, टाकीभोवती एक फेरी मारली, शेपटीपाशी थांबला, सरळ झाला आणि म्हणाला, "काम्फा."

मला ओरडायचं होतं, अरे, दोन, दोन खोकले मी, तेल कमी पडलं का तुझ्या कानाला. पण दोनशे माणसांसमोर ओरडणार कशी? टेबल गेलं, मी मनाशी म्हटलं. उद्या लाऊ तिथं बसणार आणि मी घड्याळाखाली. मी दोरी घट्ट धरून ठेवली.

आणि लाऊकडे पाहिलं, तर लाऊचं तोंड उतरलेलं.

फू अंकलनं पाकीट फाडलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि वाचलं. "काम्फा."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या, खोकले झाले, आजोबांना पुन्हा उबळ आली. फू अंकल मात्र टाकीत वाकून बघत होते. "सेंग, पण डोळा तर लाल आहे ह्याचा. मीसुद्धा चेन-चू म्हणालो असतो."

"डोळा कुठे लाल आहे?" सेंग म्हणाला. "लाऊनं झाकणाखाली लाल ट्यूब लावलीय. ती बंद करा, मग बघा."

कुणीतरी बटण दाबलं. मासा एकदम फिका पडला आणि त्याचा डोळा पांढरा झाला, भाताच्या शितासारखा. खोल बसलेला पांढरा डोळा. मासेवाले आपापल्या दुकानांत लाल ट्यूब लावतात हे मला काय माहीत नव्हतं? पण दोन वर्षं मी बानच्या पांढऱ्या उजेडात मासे बघत आले होते, आणि त्या हॉलमध्ये इतकं लाल होतं की आणखी एक लाल ट्यूब कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. सेंग सोडून.

सगळे माशाच्या डोळ्याकडे बघत होते. मी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघत होते. ज्याला लाल दिसत नाही, त्याला लाल ट्यूब दिसली होती.

लाऊही काही कच्चा नव्हता. तो दोरीपाशी येऊन माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "थांबा. आँटी दोनदा खोकली. मी ऐकलं. ट्यूब मी तिच्यासाठीच लावली होती. ती दोनदा खोकेल आणि हा चेन-चू म्हणेल, ह्याची मला खात्री होती."

"धूर आहे बाबा," सेंग म्हणाला. "इथं कोण खोकत नाहीये?"

सगळा हॉल हसला, आणि हसता हसता खोकला. मग लाऊला माइकवर यावं लागलं. माझी वीण भेसळ होती हे तो इतक्या हळू बोलला, की फू अंकलनं त्याला पुन्हा बोलायला लावलं.

घरी जाताना मी मोटरसायकलवर सेंगच्या मागे बसले होते. डोक्यात सगळं एकामागून एक जागेवर बसत होतं आणि प्रत्येकाबरोबर संताप चढत होता. नदीवरच्या पुलावर म्हटलं, "थांब."

तो थांबला. धुरात नदी दिसत नव्हती.

"मिरची?" मी विचारलं.

"तिखट होती."

"आणि कान?"

"कान चांगले आहेत. तेलानं आणखी चांगले झाले."

"दोन वर्षं, सेंग. दोन वर्षं मी तुझ्या डोळ्यांसाठी देवाला संत्री वाहतेय. घसा खरवडून खरवडून खोकतेय. अख्ख्या गावानं मला क्षयाची बाई म्हटलं. आणि तुला सगळं दिसत होतं."

तो हँडलला धरून पुढेच बघत राहिला. मला वाटलं, आता हा नेहमीसारखा गप्प बसणार आणि मी ह्याला नदीत ढकलणार. पण बोलला.

"तू सात महिने मोड खुडत होतीस. रोज पाच किलो. मी ते पहाटे तळ्यावरच्या बदकांना घालून यायचो. बदकं इतकी माजली की त्यांना चालता येईना." तो थांबला. "मला समजावता येत नाही, मुई. काय बोलायचं असतं ते मला येत नाही. मला दोनच गोष्टी येतात, टायर आणि मासे. टायरवरून काही सुचेना."

मी रडले. धुरानं नव्हे, उगाच कशाला खोटं बोलू? घरात एक खोटं बोलणारा पुरे. युक लिन गेली तेव्हाही मी एवढी रडले नव्हते, तेव्हाचं राहिलेलंही त्यात आलं असावं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सेंगनं त्यांना हातानं पुढे जायला सांगितलं आणि मी थांबेपर्यंत तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेबलावर. त्यानं मला चल म्हटलं नाही आणि मीही येते म्हटलं नाही, टोपली घेऊन मागे बसले इतकंच. दुकान गच्च भरलेलं. सरकारी दवाखान्यातली एक नर्स ड्यूटी संपवून पिशवी घेऊन आली. सेंगनं पिशवी उजेडात धरली, फिरवली, खाली ठेवली, आणि पंख्याकडे बघत बसला.

माझ्या खोकल्याची वाट बघत होता, शहाणा. काल काही झालंच नाही असं.

मीही त्याला बसू दिलं. चार मोड खुडले, पाचवा खुडला. नर्स एकदा त्याच्याकडे, एकदा माशाकडे बघायला लागली. बान कॉफी ओतता ओतता थांबला.

"चेन-चू," मी मोठ्यानं म्हणाले. "डोळे लालभडक आहेत. दिसत नाही का तुला?"

सेंगनं पंख्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. मग नर्सकडे वळला. "मला लाल दिसत नाही, बाई. ह्यापुढे आँटीलाच विचारत जा."

आणि पिशवी त्यानं माझ्यापुढे सरकवली, माझी टोपली स्वतःकडे ओढली आणि मोड खुडायला घेतले. त्याला ते काम येत नाही, शेपटी राहते आणि डोकं तुटतं. मी बघितलं, पण त्या दिवशी काही बोलले नाही.